पारड्याखाली

खराडीत, अकराव्या मजल्यावर,
माझं रोजचं पहिलं काम म्हणजे फोनशी खोटं बोलणं.
मी त्याला सांगते, तू पुण्यात नाहीस.
खिडकीतून मुळा-मुठा दिसत असते, जलपर्णीने गच्च,
तरी तो विश्वास ठेवतो,
आणि जिथे नियम झालाय, जिथे दंड आहे,
अशा एका देशात जाऊन उभा राहतो.
मगच विचारतो:
कुठला ब्राउझर हवा तुम्हाला?

बारा नावं येतात.
दर वेळी पत्त्यांसारखी पिसून.
त्यात लबाडी नाही, मी चारशे वेळा मोजलंय.

लबाडी त्याच्या पुढच्या पडद्यावर.
'आहे तेच ठेवा' निळं, ठसठशीत, अंगठा जिथे आपसूक टेकतो तिथे.
'तरीही बदला' राखाडीवर राखाडी.
आणि वर एक ओळ:
तुमची माहिती कदाचित सुरक्षित राहणार नाही.
त्या 'कदाचित'वर तीन बैठका झाल्या,
कायदेवाले पहाटे उठून आले होते त्यांच्या पहाटेला.

बाहेर पडायला सात टॅप.
परत यायला एक.
आणि एवढं करून कुणी गेलाच
तर बाराही दुकानांच्या मागे भटारखाना एकच,
आमचा.

सौमित्र म्हणतो, टॅप किती असावेत ते नियमात कुठे लिहिलंय?
नाहीच लिहिलेलं. मी वाचलाय नियम.
माणूस वाईट नाही तो.
वाघोलीच्या फ्लॅटचे हप्ते आहेत त्याला,
डब्यातली भाजी आधी दुसऱ्यांना वाढतो.

बाबा वजनमापे निरीक्षक होते.
एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी मार्केट यार्डात.
पितळी वजनांची पेटी, आत लाल मखमल,
मला हात लावायची परवानगी नव्हती.
ते म्हणायचे, खोटं वजन ठेवतो तो मूर्ख.
शहाणा पारड्याखाली चिंच चिकटवतो.
वजन खरं, शिक्का खरा, माल खरा,
पावतीसुद्धा खरी.
म्हणून आधी रिकामं तोलायचं.
झुंबर शिपाई पारडं उलटं करून नखाने खरवडायचा,
आणि एकदा सवयीने
निघालेली चिंच त्याने तोंडातच टाकली.
पुरावा गेला.
बाबा यावर अजून हसतात. हसून झालं की चिडतात.

परवा चाचणीचा फोन घरी आणला. आणायचा नसतो.
बिबवेवाडीत, जेवणं झाल्यावर,
बाबांच्या हातात दिला. म्हटलं, निवडा.
त्यांनी बाराही नावं वाचली, मोठ्याने,
हजेरी घ्यावी तशी.
पाचवं आवडलं त्यांना, का ते सांगितलं नाही.
मग निळं बटण दाबलं आणि म्हणाले, झालं.

झालं नव्हतं.

खाली अजून एक आहे, मी म्हटलं.
कुठे?
चष्मा कपाळावर गेला, फोन नाकाशी आला,
मग ट्यूबलाइटखाली तिरपा धरला,
काट्याची सुई पाहायचे तसा.
बराच वेळ.
मग स्वतःचा फोन काढला खिशातून.
हा मला कधी का नाही विचारत?
तुम्ही पुण्यात आहात, बाबा.

त्यांनी काहीच म्हटलं नाही.
चाचणीचा फोन पुन्हा उचलला,
पालथा केला,
आणि मागच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले.

सकाळी अहवाल भरला.
नियमाप्रमाणे आहे का? होय.
अपेक्षेप्रमाणे चालतं का? होय.
शेऱ्याच्या रकान्यात एक शब्द लिहिला, चिंच,
आणि पाठवून दिला.

दुपारी सौमित्रचा निरोप आला:
हे काय आहे? चुकून पडलंय का?
काढू का?

त्यावर दोन बटणं आहेत.
मी अजून कुठलंच दाबलेलं नाही.